दार कुठे आहे?

‘बसायचं का?’ या दोन शब्दांचा अर्थ ज्याला समजावून सांगावा लागतो त्याचे मराठी कच्चे आहे असे खुशाल समजावे. माणसे सत्यनारायणाला बसतात, परीक्षेला बसतात, उपोषणाला बसतात. पण पुढेमागे काहीही न लावता नुसती जी बसतात ती एकाच कारणासाठी. मी बँकेत लागलो तेव्हा या प्रश्नानंतरचा प्रश्न ‘किती वाजता?’ हा असे. ‘कुठे?’ असे कोणी विचारत नसे. ते ऑफिसच्या मागच्या गल्लीत, भगभगीत ट्यूबलाइटखाली, कायमचे ठरलेले असे. आता सगळे उलटे झाले आहे. ‘कुठे?’ यावर तीन तीन दिवस चर्चा चालते, मोबाइलवर याद्या फिरतात, मतदान होते, आणि निकाल लागतो त्या दिवशी दोघांची अ‍ॅसिडिटी तरी वाढलेली असते किंवा एकाचे सासरे तरी आलेले असतात.

माझे म्हणणे सरळ आहे. ते आरंभीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना रागवायचे आहे त्यांना उरलेला लेख वाचायची तसदी नको. मुंबईसारख्या शहरात खाण्यापिण्याची जागा शोधावी लागता कामा नये. ती दिसली पाहिजे. रस्त्याने जाणाऱ्याला पाटी दिसावी, दार दिसावे, आत बसलेली माणसे दिसावीत आणि आत पाऊल टाकण्यापूर्वी भाव दिसावा. या चार गोष्टी जिथे झाकलेल्या असतात तिथे पाचवी गोष्ट, म्हणजे बिल, तीही अंधारातूनच अंगावर येते.

हे मी आमच्या पुतण्याला सांगितले तर तो म्हणाला, ‘‘काका, तुम्ही लिस्ट बघतच नाही. टॉप टेन आहेत सगळे.’’ मी यादी पाहिली. ‘मुंबईतील दहा अप्रतिम कॉकटेल बार’. त्याखाली ‘मुंबईतील पंधरा भन्नाट कॅफे’. त्याखाली ‘मरण्यापूर्वी जाऊन याव्यात अशा वीस जागा’. तिथले दर पाहिल्यावर हा क्रम मला उलटाही लागू पडेल असे वाटले. यादीतले दहाही बार अप्रतिम होते. कुठेही खुर्ची डुगडुगत नव्हती, कुठेही वेटर विसरत नव्हता, कुठेही चकली मऊ पडलेली नव्हती. बँकेत एखाद्या शाखेची सगळीच्या सगळी कर्जे उत्तम आहेत असा अहवाल आला की वरून ताबडतोब इन्स्पेक्शन येते. या याद्यांना इन्स्पेक्टर नाही. शिवाय त्या लिहिणाऱ्यांतले पुष्कळ जण तिथे आमंत्रणावरून जेवून आलेले असतात. ज्याने बिल स्वतःच्या खिशातून भरले नाही त्याने खुशाल चवीवर कविता करावी. जागा चांगली की वाईट हे सांगायचा अधिकार त्याला नाही. ते बिल भरणाऱ्याच्या चेहऱ्यावर लिहिलेले असते, आणि तो चेहरा कोणत्याच यादीत छापत नाहीत.

तरीही पुतण्याच्या आग्रहाखातर मी एका अप्रतिम बारला गेलो. लोअर परळच्या एका गल्लीत तो होता म्हणतात. ‘म्हणतात’ अशासाठी की त्याच्या दारावरून आम्ही तीनदा गेलो आणि तिन्ही वेळा ते दार आहे हे आम्हांला कळले नाही. पाटी नव्हती. एक लहानशी खोली, तिच्यात पुस्तकांचे एक कपाट आणि कपाटाशेजारी यादी हातात घेतलेली एक मुलगी. मला वाटले, चुकून ग्रंथालयात आलो. मी सवयीने एक पुस्तक ओढले. ते आले नाही. शेजारचेही आले नाही. सगळी पुस्तके लाकडाची होती. मग त्या मुलीने आमचे नाव यादीत ताडून पाहिले, मोबाइल नंबर घेतला, त्या नंबरावर आलेला आकडा विचारला (आमच्याकडे बचत खाते उघडणाऱ्याची चौकशी याहून थोडीशीच जास्त असते) आणि कपाटाला खांदा लावला. कपाट आत वळले आणि पलीकडे काळोख दिसला. त्या काळोखाला ‘माहोल’ म्हणतात हे मला पुतण्याने कानात सांगितले.

ही लपण्याची फॅशन कुठून आली, तर अमेरिकेतून. तिथे १९२० ते १९३३ दारूबंदी होती. त्या काळात दारूचे अड्डे पाटीशिवाय चालत, दार वाजवून खूण सांगावी लागे आणि आत गेल्यावर हळू बोलावे लागे. त्या हळू बोलण्यावरून त्यांना ‘स्पीकईझी’ म्हणत. पोलीस येतील म्हणून ते लपत होते. परळच्या बारला कोणाची भीती आहे? परवाना भिंतीवर फ्रेम करून लावलेला आहे, उत्पादन शुल्क खात्याला पत्ता पाठ आहे, महापालिकेला पाठ आहे. पत्ता माहीत नाही तो फक्त गिऱ्हाइकाला. बरे, लपून पिण्याचीच हौस असेल तर त्यासाठी शिकागोपर्यंत जायचे कारण नव्हते. मुंबईने स्वतःची अस्सल दारूबंदी भोगली आहे. १९४९ सालच्या कायद्याने ती आली, मोरारजीभाईंनी ती निष्ठेने राबवली, आणि वांद्रे, माहीम, धोबीतलाव या भागांत ‘आंटी’ नावाची संस्था उदयाला आली. आंटीच्या घरी पडद्यामागच्या बाकड्यावर बसून, धाडीची चाहूल घेत, नवसागराच्या वासाचे काहीतरी घशाखाली लोटणाऱ्या त्या पिढीला जर कोणी सांगितले असते की पुढे परवाना असूनही लोक हौसेने कपाटामागे लपून पितील आणि वर त्याचे जास्त पैसे देतील, तर त्यांची तिथल्या तिथे उतरली असती.

गंमत अशी की १९४९चा तो कायदा अजून रद्द झालेला नाही. नावातल्या ‘मुंबई’च्या जागी ‘महाराष्ट्र’ आले एवढेच. महाराष्ट्रातला प्रत्येक बार दारूबंदी कायद्याखाली चालतो. पिणाऱ्याला परवाना लागतो. तो एक दिवसाचा मिळतो, एक वर्षाचा मिळतो आणि आजन्मही मिळतो. आणि तो कशासाठी, तर प्रकृतीचे रक्षण व जोपासना करण्यासाठी. मी हे विनोदाने लिहीत नाही, परवान्याचा हेतूच तो आहे. ‘परमिट रूम’ हे नाव त्यातूनच आले. म्हणजे परमिट मिळालेल्या आजाऱ्यांची खोली. त्या खोलीत मी कित्येक संध्याकाळी प्रकृतीची जोपासना केलेली आहे, आणि तिच्याविषयी पुढे सांगणारच आहे. आधी कपाटामागचे संपवू.

आत बसल्यावर पुतण्याने मोबाइलची बॅटरी लावली आणि आम्ही मेन्यू वाचला. प्रत्येक पेयाखाली चार ओळींचा मजकूर होता. कोणाला धुरात न्हाऊ घातले होते, कोणाला आजीच्या अंगणाची आठवण होती. दाम शेवटी, बारीक अक्षरात, रुपयाच्या चिन्हाशिवाय छापलेला. ‘८५०’ असा नुसताच आकडा. रुपये, मिलिलिटर की कॅलरी, हे ज्याचे त्याने ठरवावे.

माझा कॉकटेलवर राग नाही, हे इथे नोंदवून ठेवतो. ‘निग्रोनी’ नावाचे इटालियन पेय आहे. जिन, कांपारी आणि गोड वर्मुथ, तिन्ही समभाग. हाताशी माप असेल तर बी.कॉम. झालेला माणूससुद्धा ते बनवू शकतो. पण बर्फावर ते नेमके किती वेळ ढवळायचे, म्हणजे गार होईल आणि पाणचट होणार नाही, ही कारागिरी आहे आणि कारागिराला दाम मिळालाच पाहिजे. माझी तक्रार ढवळणाऱ्याविषयी नाही, सभोवतालच्या देखाव्याविषयी आहे. माझ्या ग्लासात साबणाच्या वडीएवढा बर्फाचा एकच ठोकळा होता. दारू त्याच्या कडेकडेने भाडेकरूसारखी राहत होती. त्यात कोकम घातले आहे हे मला तीन वेगवेगळ्या माणसांनी येऊन सांगितले. अहो, आमच्या घरी कोकमाची आगळ, नारळाचे दूध, लसूण आणि हिरवी मिरची यांचे मिश्रण पिढ्यान्‌पिढ्या होते. ते वाढताना आमच्या आईने कधी भाषण केले नाही. खायला कटिंगच्या ग्लासांच्या स्टँडमध्ये तीन बटाटेवडे आले. सुपारीहून मोठे आणि लिंबाहून लहान. किंमत ५२५. १७५ रुपयांचा एक वडा मी प्रकृतीसाठी नव्हे, केवळ हिशेबासाठी दोनदा मोजून खाल्ला.

आणि मग बिल. अंधारात चामड्याच्या वहीतून आलेले कोणतेही व्हाउचर तपासल्याशिवाय मी सही करत नाही. तेवीस वर्षांची खोड आहे. दोन कॉकटेल, १७००. वडे, ५२५. बेरीज २२२५. त्यावर १० टक्के सेवा शुल्क, २२२ रुपये ५० पैसे. दारूवर १० टक्के व्हॅट, १७०. (नोव्हेंबर २०२३पर्यंत हा ५ टक्के होता. पण हा सरकारचा हिस्सा, इथे मालकाला दोष देण्यात अर्थ नाही.) वडे आणि सेवा शुल्क यांवर मिळून ५ टक्के जीएसटी, अडीच केंद्राचा, अडीच राज्याचा, ३७ रुपये ३८ पैसे. म्हणजे सेवा केल्याबद्दल शुल्क, आणि शुल्क घेतल्याबद्दल कर. एकूण २६५४ रुपये ८८ पैसे. मी वेटरला नम्रपणे सांगितले की सेवा शुल्क आपोआप लावू नये अशा सूचना ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२मध्ये काढलेल्या आहेत आणि मार्च २०२५मध्ये दिल्लीच्या उच्च न्यायालयाने त्या उचलून धरल्या आहेत. तो म्हणाला, ‘‘सर, ते सिस्टीममध्येच आहे.’’ आमच्या काउंटरवर हेच वाक्य मी रोज वीस वेळा बोलतो, त्यामुळे त्याच्यापुढे काही चालत नाही हे मला माहीत होते. तरी मी बसून राहिलो. मॅनेजर आले, काळोखात थोडे पुटपुटले, शुल्क निघाले. पुतण्या तोवर खालमानेने बर्फ चघळत होता. मी ५० रुपयांच्या चार नोटा त्या वेटरच्या हातात ठेवल्या. त्याची सेवा चांगलीच होती. ती कोणाच्या सिस्टीममध्ये जमा व्हावी अशी माझी इच्छा नव्हती.

आता चांगली जागा कशी असते ते सांगतो. माझी पहिली कसोटी अशी की तिथे एकट्या माणसाला बसता आले पाहिजे. मुंबई हे एकट्या माणसांनी उभारलेले शहर आहे. कोकणातून, घाटावरून माणूस आला तो बायकोमुले गावी ठेवून आला, दहा बाय बाराच्या खोलीत पंधरा जणांत पाळीपाळीने झोपला आणि जेवायला खाणावळीत गेला. गिरणगावातल्या त्या खाणावळवाल्या बाया पगार होईपर्यंत उधारीवर जेवू घालत. हाती तारण नाही, जामीन नाही, फक्त माणसाची ओळख. १९७५ साली प्रेमा पुरवांनी या बायांचे अन्नपूर्णा महिला मंडळ काढले आणि त्यांना राष्ट्रीयीकृत बँकेची छोटी छोटी कर्जे मिळवून दिली. आमच्या धंद्याने ज्या मोजक्या गोष्टींसाठी मान वर करावी त्यांतली ही एक. एकट्या माणसाला दुसरा आधार इराण्याचा. कोपऱ्यावरचे दुकान, दोन्ही रस्त्यांना उघडी दारे, संगमरवरी टेबल, भिंतीला आरसे. एका चहावर तासभर पेपर वाचत बसावे आणि कोणी ‘आणखी काय?’ म्हणून डोक्यावर उभे राहू नये. व्यापारशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकाप्रमाणे हा धंदा पहिल्याच वर्षी बुडायला हवा होता. धोबीतलावचे कयानी १९०४ सालचे आहे. त्याच्या समोरचे बस्तानी मात्र गेले, आणि शहरभरचे कितीतरी गेले. भागीदारांची भांडणे, जागेचे चढलेले भाव, पुढच्या पिढीचा गल्ल्यावर बसायचा कंटाळा. कोपरे तेच आहेत. तिथे आता औषधे मिळतात नाहीतर मोबाइल.

उडप्याचेही तेच. माटुंग्याला रामा नायकांचे श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ सालापासून केळीच्या पानावर वाढते आहे. तिथे अनोळखी माणसाशेजारी बसून निमूटपणे जेवायचे आणि उठायचे. पानावर आमटी-भात वाढला जातो तेव्हा शेजारच्या गृहस्थाचा पगार किती हे कोणाला विचारावेसे वाटत नाही. कपाटामागच्या बारमध्ये माझ्या बुटांपासून ते आधी ठरवले गेले होते.

आणि परमिट रूम. तिची पाटी लाल-पिवळी आणि दोन बसस्टॉप आधीपासून दिसणारी. आत स्टीलच्या ताटलीत चकली, चणे किंवा उकडलेले शेंगदाणे, मागायच्या आधी येणारे. तीस म्हणजे तीस आणि साठ म्हणजे साठ, डोळ्यांदेखत मोजलेले. अंधार असला तर मापावर विश्वास ठेवावा लागतो, उजेड असला तर नुसते बघावे लागते. वेटर पन्नाशीचा, उडुपीकडचा किंवा मालवणचा. तो तुमचे नाव विचारत नाही, पण तिसऱ्या खेपेला ‘साहेब, नेहमीचंच?’ म्हणतो, आणि चौथ्या पेगला ‘साहेब, आता जेवण लावतो’ म्हणतो. हे वाक्य म्हणणारा माणूस कोणत्याही अप्रतिम यादीत तुम्हांला सापडणार नाही. तिथे चौथ्याला नेहमी ‘रिपीट, सर?’ असते.

या ठिकाणी आमच्या सौभाग्यवतींचे म्हणणे नोंदवले नाही तर संध्याकाळी मला घरी जायचे आहे. ती म्हणते, ‘‘तुमच्या त्या परमिट रूमचं कौतुक मला सांगू नका. तिथं बाईमाणूस आत गेलं की वीस माना वळतात. आम्ही चौघी मैत्रिणी त्या पुस्तकांच्या कपाटामागं गेलो होतो, कुणी ढुंकून बघितलं नाही.’’ यातला एक शब्दही खोडता येत नाही. इराण्याने निदान फॅमिली रूम तरी ठेवली होती. परमिट रूमवाल्याने वरच्या मजल्यावर ए.सी. बसवला, भाव वाढवले आणि त्याला ‘फॅमिली’ म्हटले. ही रक्कम नव्या बारच्या खात्यावर पूर्णच्या पूर्ण जमा केली पाहिजे आणि मी ती करतो. पण बाईला निर्धास्त बसता येण्यासाठी पाटी काढावी लागते, दिवे मालवावे लागतात आणि वडा सुपारीएवढा करावा लागतो हे मला कोणी पटवून द्यावे. ते सगळे भगभगीत उजेडात आणि ८५०च्या निम्म्यात होत नाही काय? होते. माणसांच्या माना सरळ ठेवायला दिवे मालवायची गरज नसते, मालकाने गल्ल्यावरून एकदा खाकरले तरी पुरते.

लोअर परळविषयी मला जास्त राग आहे त्याचे आणखी एक कारण आहे. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. गिरण्या पुढे एकेक करून गेल्या, खाणावळींची गिऱ्हाइके गेली, आणि गिरण्यांच्या आवारांत काचेच्या कचेऱ्या आणि खाण्यापिण्याची दुकाने आली. येऊ द्यात, जमीन काही स्मारक म्हणून रिकामी ठेवता येत नाही. पण त्यांतल्याच एका आवारात, कमला मिल्समध्ये, २९ डिसेंबर २०१७ला मध्यरात्र उलटल्यावर गच्चीवरच्या रेस्टॉरंट-बारला आग लागली. १४ माणसे गेली. कित्येक जण स्वच्छतागृहात आसऱ्याला शिरले आणि धुराने गुदमरले. बाहेर पडायची वाट त्यांना सापडली नाही. त्यानंतर चौकशा झाल्या, बेकायदा बांधकामांवर हातोडे पडले, आणि काही दिवसांनी पुन्हा दिवे मालवले गेले.

म्हणून दार लपवण्याची मौज मला कळत नाही. त्या संध्याकाळी आत बसल्याबसल्या मी पुतण्याला विचारले होते, ‘‘अरे, इथून बाहेर पडायचं दार कुठं आहे?’’ त्याने आजूबाजूला पाहिले. चारी बाजूंना लाकडी पुस्तके. तो म्हणाला, ‘‘काका, ज्या कपाटातून आलो ना, ते. पण ते यापैकी नेमकं कुठलं, ते वेटरला विचारावं लागेल.’’ वेटर तेवढ्यात दुसऱ्या टेबलावर कोकमाविषयी सांगत होता. आम्ही थांबलो. दुसरे काही करण्यासारखे नव्हते.

परवा शुक्रवारी पुतण्याला घेऊन मी ऑफिसच्या मागच्या गल्लीत गेलो. साडेसात वाजले होते. फळ्यावर खडूने भाव होते. सुरमई चढली होती, आधीचा आकडा ओल्या फडक्याने पुसून नवा घातलेला दिसत होता. आमच्या टेबलावर आधीच एक गृहस्थ एकटे बसून शब्दकोडे सोडवत होते. त्यांनी सोडा बाजूला सरकवून जागा करून दिली. दोन्ही पाखांचे दार सताड उघडे, त्यातून बाहेरचा केळेवाला आणि त्याच्या पलीकडे बसस्टॉप दिसत होता. दोघांचे मिळून ९४० रुपये झाले, सेवेचे वेगळे काही नाही. पुतण्या निघताना म्हणाला, ‘‘काका, जागा बरी आहे. हिचं नाव काय? लिस्टमध्ये टाकतो.’’

मी म्हटले, ‘‘बाहेर आल्यावर वर बघ. पाटी आहे.’’